लोर्कानचा नातू

राजाच्या मेजवानीला द्वारपालाने दारातच माझ्या नातवाला विचारलं, "कोणाचा तू?"

"ओ लोर्कान," पोरगा ऐटीत म्हणाला. म्हणजे लोर्कानचा नातू.

लोर्कान माझा थोरला भाऊ. विशीतच उत्तरेच्या लुटारूंशी लढताना मेला आणि आयर्लंडभर भाटांच्या तोंडी जाऊन बसला. मागे ना बायको, ना पोर. त्याची गुरं मी राखली, घराणं मी वाढवलं. हल्ली आजोबाचं नाव आडनाव म्हणून लावायची टूम निघाली, तर घरच्यांनी त्या बिनलेकराच्या माणसाला आजोबा करून टाकलं. मी जिवंत असताना.

"आणि हे?" द्वारपालाने माझ्याकडे पाहिलं.

पोरगा अडखळला. लोर्कानला आजोबा केल्यावर मला काय म्हणणार? "आमच्या घरातलेच आहेत," म्हणाला.

"मग तिकडे दाराजवळ बसा, बाबा," म्हणत द्वारपालाने पोराला मात्र वरच्या बाकावर पाठवलं.

मी माझं नाव सांगितलं. त्याने ते कधी ऐकलंच नव्हतं. आत भाजलेलं डुक्कर वाढायला घेतलं होतं आणि चांगले तुकडे वरच्या बाकांवरच संपत होते.

"लोर्कानचा सख्खा भाऊ आहे मी," शेवटी मी म्हणालो.

"आधी सांगायचं नाही का," म्हणत त्याने मला हाताला धरून नातवाशेजारी नेऊन बसवलं.