हळब्यांची जामीनदार

“हे चालणार नाही,” कोर्टाचे शिरस्तेदार म्हणाले आणि त्यांनी दशरथची फाइल टेबलावरून परत सरकवली.

“का नाय चालणार? स्वतःचा फ्लॅट आहे माझा. टू बीएचके.”

“इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नाही. आदेशात स्पष्ट लिहिलंय, मिळकत निर्वेध हवी.”

दशरथ पक्षाचा शहर सरचिटणीस. त्याच्या मागे चार कार्यकर्ते फायली घेऊन उभे होते. त्याही एकेक करून परत आल्या. कुणाची इमारत परवानगीपेक्षा दोन मजले उंच. कुणाची जमीन अजून मूळ मालकाच्याच नावावर. ॲडव्होकेट रुचिता पाटणे परत आलेल्या फायली नुसत्या एकावर एक रचत होत्या. मीरा-भाईंदरमधल्या या साऱ्या इमारतींचे कागद कधीकाळी ज्या टेबलावर अडले होते, ते टेबल त्यांच्याच अशिलाचं होतं.

अशील म्हणजे शशिकांत हळबे, नगररचना विभागातले निवृत्त अधिकारी. भाईंदरच्या एका धोकादायक इमारतीला त्यांनी ‘राहण्यास योग्य’ असा दाखला दिला, असा आरोप होता. इमारत पडली. सात माणसं गेली. काही वर्षं प्रकरण हललं नाही. मग हळबे निवृत्त होऊन विरोधी पक्षात गेले, पालिका निवडणुकीची चर्चा सुरू झाली, आणि एका सकाळी सिल्व्हर पार्कमधल्या घरून त्यांना अटक झाली. शहरात एका बाजूला ‘सुडाचं राजकारण’ असे फलक लागले, दुसऱ्या बाजूला ‘कायदा सर्वांना समान’ असे. दोन्हींवर नेत्यांचे फोटो होते. पडलेल्या इमारतीचं नाव कोणत्याच फलकावर नव्हतं.

सहा महिन्यांनी, गेल्या आठवड्यात, जामीन मंजूर झाला. स्थानिक जामीनदार हवा, ही अट. रोख रक्कम न्यायाधीशांनी नाकारली होती. हळब्यांच्या पत्नी मनोरमा यांच्या नावावरचं घर तपास यंत्रणेने गोठवलं होतं. मुलगी कॅनडात. उद्यापासून कोर्टाला दिवाळीची सुट्टी. आज जामीनदार उभा राहिला नाही, तर हळब्यांची दिवाळी तुरुंगातच जाणार होती.

“वहिनी, टेन्शन घेऊ नका,” दशरथ मनोरमाबाईंना हळू आवाजात म्हणाला. “साहेब आत आहेत, तोवर पब्लिक आपल्या साइडने तापतंय. इलेक्शनपर्यंत जरा कळ काढली तर...”

“त्यांना दिवसातून दोनदा इन्सुलिन लागतं, दशरथ. ते तुमच्या पब्लिकला टोचून चालत नाही.”

दशरथने मोबाइल काढला आणि त्यात पाहत राहिला.

मागच्या बाकावरून एक बाई उठली. साठीची, अंगात फुलाफुलांचा ड्रेस, हातात प्लॅस्टिकची पिशवी.

“मी ऱ्हाते जामीन,” ती म्हणाली.

पिशवीतून तिने भाईंदरजवळच्या उत्तनच्या जमिनीचा सातबारा काढला. शिरस्तेदारांनी तो दोनदा वाचला. सेलीन घोन्साल्विस. जमीन तिच्या एकटीच्या नावावर. बोजा नाही, वाद नाही. रुचितांनी मनोरमाबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. ओळखत नव्हत्या.

कागद न्यायाधीशांसमोर गेले.

“आरोपीला ओळखता?”

“ओळखते. त्या बिल्डिंगीत माझा एल्रॉय गेला. खालच्या जिममध्ये कामाला होता.”

लघुलेखकाची बोटं थांबली. न्यायाधीशांनी चष्मा काढला.

“तुमच्यावर कुणाचा दबाव आहे?”

“न्हाय, साहेब.”

“कुणी काही कबूल केलंय?”

“मला कोण काय देणार?”

“आरोपी तारखेला हजर राहिला नाही, तर या जमिनीवर टाच येऊ शकते. त्याला हजर करायची जबाबदारी तुमची. हे समजून सही करताय?”

“समजून करते.”

तिने सही केली. सावकाश, पूर्ण नाव.

मनोरमाबाईंनी डोळे पुसले. दशरथ तोवर फोन कानाला लावून दाराबाहेर पोहोचला होता. “अरे भाऊ, ऐक तर! मयत पोराची आई! डायरेक्ट जामीन राहिली! ‘आईने माफ केलं, सरकार कधी करणार?’ असा बॅनर टाक. मोठा टाक. बाईचा फोटो मी पाठवतो.”

त्याने फोटो काढायला मोबाइल वर केला. सेलीनने पिशवी चेहऱ्यासमोर धरली आणि ती जिन्याकडे निघाली. मनोरमाबाई तिच्या मागे जवळजवळ धावल्या. जिन्याच्या तोंडाशी त्यांनी तिचे दोन्ही हात धरले.

“ताई, मला बोलता येत नाहीये. मी तुमच्या जागी असते, तर मला नसतं जमलं. तुम्ही त्यांना माफ केलंत.”

सेलीनने हात सोडवून घेतले. रागाने नाही. तिला सातबाऱ्याची घडी करून पिशवीत ठेवायची होती.

“तुमचा घरवाला आत गेल्यापासून हरेक तारखेला मी इकडे येऊन बसते,” ती म्हणाली. “तुम्ही वकिलाच्या बाजूला बसता, मी मागे. दर टायमाला तेच सांगतात. आज गाडी न्हाय. आज पोलीस बंदोबस्ताला गेले. आरोपीला आणता आलं न्हाय. आरोपी न्हाय म्हणून केस चालू न्हाय. न्यू डेट.”

प्रत्येक तारखेला मनोरमाबाईंनीही तेच ऐकलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यांना थोडं हायसं वाटलं होतं.

“तुरुंगातून त्याला कोण आणत न्हाय, बाई,” सेलीन म्हणाली. “दिवाळी करा घरी. तारखेच्या दिवशी सकाळी मी रिक्षा घेऊन तुमच्या दारात हाय.”