बिनकाडीची समई

"काडेपेटीने समई कुणीही पेटवेल. परिषद रसायनशास्त्राच्या शिक्षकांची आहे ना?" असं ढवळेमॅडमनी नियोजनाच्या बैठकीत ठणकावलं होतं. आज रंगीत तालमीत त्यांनी वातीवर परमँगनेटची जांभळी भुकटी ठेवली, वर ग्लिसरीनचे थेंब सोडले; दोन्ही मिसळले की आपोआप जाळ व्हायला हवा. समई ढिम्म!

"उद्या पाहुण्यांसमोर हसं होईल. काडेपेटीच बरी," अध्यक्ष गुंजाळसर म्हणाले. मॅडमचा चेहरा उतरला.

पण समितीत सगळेच रसायनशास्त्राचे शिक्षक. एक म्हणाला, भुकटी भरड आहे. दुसरी म्हणाली, थंडीने ग्लिसरीन गारठलंय. तिसऱ्याने तर फळ्यावर समीकरणच मांडलं. आता गुंजाळसरांना राहवेना. "अहो, हे बॅलन्सच होत नाही!" म्हणत त्यांनी त्याच्या हातातला खडू हिसकावला. समईकडे पाठ करून सगळे फळ्याला चिकटले.

मागे फुस्स आवाज झाला. मॅडमनी वळून पाहिलं, तर समई डौलात तेवत होती.

"पेटली! सर, पेटली!" त्या आनंदाने ओरडल्या.

"थांबा हो मॅडम," गुंजाळसर पाठमोरेच म्हणाले, "ती का पेटणार नाही, तेच सिद्ध होतंय आता."