व्हिएन्नात उतरायचं कुठं

जरा पुढं सरका, माउलींनो. गोष्ट हळू आवाजातली आहे, मागं बसून ऐकू यायची नाही. पूर्वरंग लांबवत नाही. पुनावळ्याच्या रंगरावांना व्हिएन्नात उतरायला जागा पसंत पडत नव्हती, तिथूनच धरा.

संध्याकाळचा हरिपाठ उरकून ते नुकतेच घरी आले होते. टाळ अजून गळ्यातच होते. समोर पाण्याच्या तांब्याला टेकवून फोन उभा केला होता आणि फोनमध्ये त्यांची एकुलती लेक होती, पूनम. तिचा नवरा केयूर आधी चाकणच्या कंपनीत होता, आता तिकडं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. आईवडील मात्र पहिल्यांदाच तिच्या गावाला निघाले होते.

"आण्णा, ही बघा जुनी पेठ. मोठं चर्च, घोडागाड्या, सगळं चालत बघता येतं."

"तिथनं तुझं घर?"

"लांब पडतं."

"मग दुसरी दाव."

"ही कालव्यापलीकडची. झाडी आहे, आपल्या जत्रेतल्यासारखा मोठा पाळणा आहे."

"ह्या वयात आईला पाळण्यात बसवतीस व्हय? तिथनं तुझं घर?"

पूनम हसली. "आण्णा, कुठलीही पेठ दाखवली तरी तुमचा प्रश्न एकच."

"तू ऱ्हातीस तिथं लॉज न्हाई का एखादं?"

"फाव्होरिटनला? तिथं पाहुणे नाही उतरत हो. कामगारांची वस्ती आहे. शिफ्ट सुटली की रस्ताभर डबेवाल्या पिशव्या."

"मग आपलीच माणसं की! तिथंच बघ. तुझी खिडकी दिसंल असं."

पूनमचं हसू थांबलं. "माझ्या दारासमोर लॉजमध्ये राहणार आणि माझ्याकडं नाही?"

"येणार की. बसू, बोलू, तुझी कुंडीतली झाडं बघू."

"जेवायला?"

रंगराव टाळांची दोरी चाचपत बसले.

"निदान पाणी?"

"बाटली संगं आणू," ते म्हणाले.

लेकीची कूस उजवेपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत. शेतं गेली, तिथं इमारती आल्या, रंगराव स्वतः सातव्या मजल्यावर राहायला आले, पण रीत लिफ्टमधून त्यांच्यासोबत वर आली. त्यात लेकीला कमी लेखणं नव्हतं, उलट मायाच होती. म्हणून तर मोडवत नव्हती.

"इथं बाटली कुणी घेत नाही आण्णा," पूनम म्हणाली. "नळाला डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं. गोड असतं." मग तिचा आवाज खाली गेला. "आईला बोलले होते, तुम्हाला सांगायचा धीर नव्हता. डॉक्टरांनी आता हात टेकलेत. नाही होणार. मग तुमची ही रीत कधी फिटायची?"

कीर्तनात बुवा अडखळले तर टाळकरी सावरून घेतात. इथं टाळकरीच अडखळला. रंगरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ती जुनी पेठच धर मग," ते पुटपुटले. खिडकी दिसली असती तर त्यांनाच सोसलं नसतं.

पूनमची आई, विमलबाई, बाजूला मेथी निवडत होत्या. आता त्यांनी जुडी खाली ठेवली.

"अहो, माझा बा कुठलं पाणी प्यायचा?"

रंगरावांना ठाऊक होतं. राजगुरुनगरहून ज्योतीरामबाबा सायकल हाणत लेकीला बघायला पुनावळ्यात यायचे. विमलबाईंची ओटीही तेव्हा कैक वर्षं रिकामीच होती. त्या ओसरीवर तांब्या भरून ठेवायच्या. घामाघूम झालेले बाबा तांब्याला हात जोडायचे, लेकीच्या तोंडावरून हात फिरवायचे आणि देवळाच्या आडावर जाऊन तहान भागवायचे. बादली ओढून द्यायचा तो जावई, म्हणजे हेच रंगराव. पूनम पोटात होती त्या चैत्रात बाबा गेले.

"त्यो भरला तांब्या मी रोज आत न्हेऊन झाडाला वतायची," विमलबाई म्हणाल्या. "आता माझ्या पोरीला त्योच आंदण द्यायचा का? लॉजात उतरायचं तर तुमी उतरा. झाडं बघायला या अधनंमधनं. मी न्हाई येत तिथं, मी पोरीकडंच ऱ्हाणार."

फोनमध्ये पूनम रडत होती, पण आवाज येऊ देत नव्हती.

रंगरावांनी गळ्यातले टाळ काढून देव्हाऱ्यापाशी ठेवले. परत येऊन फोन हातात घेतला. मागं तांब्या एकटाच उभा राहिला.

"पूनम, ते लॉज राहू दे."

"नको आण्णा. माझ्यासाठी रीत नका मोडू."

"मोडतोय कोण? घरात लेकरू आसलं की पाणी चालतंय, आसंच हाय ना?" त्यांनी फोन आणखी जवळ धरला. "त्या घरात आमचं लेकरू हाय की."

पूनमनं डोळे पुसले. तिच्यामागं स्वयंपाकघरात केयूर उभा होता. त्याला काय सुचलं देव जाणे, त्यानं नळ सोडला. तिकडच्या डोंगरातलं पाणी भांड्यात पडताना पुनावळ्यात ऐकू आलं.

एवढीच गोष्ट, माउलींनो. तुम्ही कधी लेकीच्या घरी जाल, ती पाणी पुढं करील. पहिला घोट घ्याल तेव्हा राजगुरुनगरच्या त्या ज्योतीरामबाबांची आठवण ठेवा.