रेमीचं पिंप

"आधी खालची वेच, मग झाड हलव," फेर्दिनां खुर्चीवरून ओरडला. "चाळीस वर्षं सांगतोय."

"चाळीस वर्षं ऐकतेय, म्हणूनच कान किटलेत," लेओनी म्हणाली आणि ओल्या गवतात गुडघे टेकून सफरचंदं टोपलीत भरू लागली. "आणि सफरचंदं पिळायच्या कामाला रविवारची हॅट घालून कोण बसतं? तिची फीत कुठंय?"

"उंदरांनी नेली. त्यांच्या घरात बाळंतपण असेल." तो खोकत हसला. "नाहीतरी डागच पडला होता तिच्यावर. रेमीच्या बाप्तिस्म्याला मेणबत्ती कुणी वाकडी धरली होती गं?"

लेओनीने मान वर केली नाही. त्याच्याकडे पाठ होती हे बरंच होतं. गेले बारा दिवस ती तोंड लपवायला कारणं शोधत होती.

बारा दिवसांपूर्वी गावचे मेयर आले होते. छातीवर तिरंगी पट्टा लावलेला, सायकल हातात धरलेली. फाटकापाशीच त्यांनी टोपी काढली आणि तिला कळलं. रेमी, तिचा आणि फेर्दिनांचा एकुलता एक मुलगा, अल्जीरियात लढाईवर होता. आता कुठेच नव्हता.

ती तेव्हा रडली नाही. म्हणाली, "फेर्दिनांला कळू देऊ नका. डॉक्टरांनी बजावलंय, एक धक्का बसला की त्याचं हृदय बंद पडेल. दोघं एकदम गेले तर मी काय करू? तेवढी पिळणी उरकू दे. मग डॉक्टरांना शेजारी बसवून सांगेन." मेयरनी शब्द दिला.

फेर्दिनां तेव्हा घाण्याजवळ बसला होता. घोडा गोल फिरत होता, दगडाखाली सफरचंदं करकर चिरडली जात होती. "कशाला आले होते?" त्याने विचारलं.

"परवान्याचं काहीतरी."

"हं," तो म्हणाला आणि पाइप शोधू लागला.

दुसऱ्या दिवशी ती बाजाराचं निमित्त करून गेली आणि चर्चमधल्या मागच्या बाकावर पोटभर रडून आली. परत येते तर हा धापा टाकतोय, गुडघे सोललेले. "कोंबडीमागे धावलो," म्हणाला. दोन पावलं चालायला ज्याला काठी आणि शेजारी दोन्ही लागत, तो म्हणे कोंबडीमागे धावला! तिने जखमेला घरची सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, लावली आणि चार शिव्या दिल्या. खोकला लागला तो तेव्हापासून.

मोतीबिंदूमुळे त्याला वाचता येत नसे. म्हणून ती रोज दुपारी रेमीचं सप्टेंबरचं जुनंच पत्र उघडायची आणि मनचं वाचायची. रेमीला नवे बूट मिळाले. रेमीने खजूर खाल्ले. रेमी नाताळला येणार. फेर्दिनां डोळे मिटून ऐकायचा आणि शेवटी दरवेळी म्हणायचा, "छान लिहितो पोरगा." तिच्या काळजाला घरं पडायची.

शेजारचा नॉर्बेर पिळणीला मदतीला येई. लगद्याचा एक थर, पेंढ्याचा एक थर असं रचून तो वरून दाब आवळायचा आणि रस बादल्यांनी तळघरात नेऊन पिंपांत ओतायचा. आत्ता तो रिकामी बादली घेऊन वर आला, तेव्हा लेओनीने हळूच विचारलं, "नॉर्बेर, रेमीचं पिंप कसं आहे रे?"

रेमी जन्मला तेव्हा लावलेल्या झाडाचा रस दरवर्षी एका छोट्या पिंपात निराळा ठेवत. यंदाचा रस मेयर यायच्या आदल्या दिवशीच त्यात भरला होता. रस आंबताना सळसळतो, त्यालाच ते पिंपाचं गाणं म्हणत.

"झकास गातंय, वहिनी. सगळ्यांत जोरात." नॉर्बेरने का कोण जाणे, टोपी काढली, आणि तिच्याकडे न बघताच घोड्याकडे वळला.

लेओनीने टोपली खाली ठेवली. गाणं आता थांबायला हवं होतं. माणूस गेलं की त्याच्या पिंपाला सांगावं लागतं, हे तिच्या आजीच्या आजीपासून चालत आलेलं. तीनदा टकटक करायची, नाव सांगायचं, तोटीला काळी चिंधी बांधायची. नाही सांगितलं तर पिंप मुकं होतं, आणि वसंतापर्यंत आतल्या सायडरचा नुसता शिरका. हे तर अजून गात होतं. बारा दिवस त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तरीही. उद्या-परवा मुकं झालं तर फेर्दिनां विचारणार, आणि त्या शांततेचा अर्थ त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तिने आपल्या काळ्या एप्रनची एक पट्टी फाडून मुठीत धरली आणि मेणबत्ती पेटवली.

"तळघरात कशाला?" फेर्दिनांने विचारलं.

"तोटी गळतेय म्हणे."

"सांभाळून उतर. आठवी पायरी हलते."

दोन वर्षांत तो त्या पायऱ्यांकडे फिरकला नव्हता. आठवी पायरी तर या पावसाळ्यात हलायला लागली होती. पण लेओनीचं लक्ष त्या पायरीत नव्हतं, मुठीतल्या पट्टीत होतं.

तळघरात रस उकळल्यासारखा सळसळत होता. आंबत्या रसाच्या वायूने हवा जड होती; खाली तो जीवघेणा साचलाय का बघायला तिने मेणबत्ती गुडघ्याशी धरली. ज्योत लहान झाली, पण विझली नाही. रेमीचं पिंप अगदी टोकाला होतं. तिने लाकडावर तीनदा टकटक केली.

"रेमी गेला रे," ती म्हणाली. बारा दिवसांत पहिल्यांदाच तिने ते मोठ्याने म्हटलं होतं. "आपला रेमी गेला."

पिंप गातच राहिलं.

"लेओनी!" वरून फेर्दिनांची हाक आली. "लवकर ये गं. आजचं पत्र राहिलंय वाचायचं."

"आले," ती ओरडली आणि पट्टी बांधायला वाकली.

तोटीला आधीच एक काळी फीत बांधलेली होती, आणि तिच्यावर जुन्या मेणाचा डाग होता.