माफीचं पत्र

"पुन्हा एकदा वाच," चर्चची सिस्टर ओपल म्हणाली. "या वेळी कागदाकडे नाही, माझ्याकडे बघून."

रेनेटाने पत्र पुन्हा उघडलं. केंटकीतल्या त्या छोट्या गावात, चर्चच्या तळघरात दर मंगळवारी सहा बायका अशा गोल करून बसायच्या. आधी प्रार्थना, मग कॉफी, मग जिला जमेल तिने बोलायचं. सहाही जणींचं बालपण कुणा ना कुणा ओळखीच्या पुरुषाने ओरबाडलेलं.

रेनेटा चार वर्षं नुसती ऐकत होती. पाचव्या वर्षी तिने तोंड उघडलं. रविवारी मुलींना बायबल शिकवणारे मिस्टर प्रूएट. ती तेव्हा नऊ वर्षांची. वर्ग सुटला की फळा पुसायच्या निमित्ताने ते तिला मागे ठेवून घ्यायचे. दोन वर्षं.

"वर्गात चौदा पोरी होत्या," ती म्हणाली होती. "त्यांना मीच का दिसले? माझ्यातच काहीतरी असणार."

हा प्रश्न तिने चाळीस वर्षं उराशी धरला होता. त्यापायी लग्न केलं नाही, आरशात कधी धड पाहिलं नाही.

आता प्रूएट अठ्ठ्याऐंशीचे झाले होते, गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात होते. आणि रेनेटाला त्यांना माफ करायचं होतं.

"तुला कुणी भरीस तर घातलं नाही ना?" ओपलने विचारलं. "देवाला घाई नाही, बाई. नाही जमलं तरी तो तुला टाकणार नाही."

"त्यांच्यासाठी नाही करत मी. मला झोप हवीय."

"मी पण माझ्या मामाला भेटायला दर वर्षी जाते," सत्तरीची व्हर्ली म्हणाली. "थडग्यावर. मेला अजून आतच आहे ना, बघून येते."

सगळ्या खदखदून हसल्या. रेनेटाही हसली, आणि हसता हसता रडायला लागली. व्हर्लीने तिचा हात घट्ट धरला. "शनिवारी मी गाडी घेऊन येते. एकटीने जायचं नाही, सांगून ठेवते."

शनिवारी व्हर्ली बाहेरच्या बाकावर थांबली. खोलीपर्यंत सोडायला आलेली नर्स कौतुकाने म्हणाली, "पाय गेलेत, पण डोकं बघा त्यांचं! इथल्या सगळ्यांचे वाढदिवस तोंडपाठ."

प्रूएट खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसले होते. आक्रसून एवढेसे झालेले. रेनेटा समोर बसली. आपलं नाव सांगावं लागेल, हे तिच्या मनातही आलं नाही. पत्र तिने पर्समधून काढलंच नाही.

"मी नऊ वर्षांची होते," ती म्हणाली. "वर्ग सुटल्यावर तुम्ही मला मागे ठेवून घ्यायचात. तुम्ही काय केलंत ते तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि देवाला ठाऊक आहे. मी तुम्हाला माफ करायला आलेय."

आवाज कापला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिला पुरता श्वास घेता आला.

प्रूएटनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे पाणावले. हात पुढे करून त्यांनी तिचा हात थोपटला.

"देव तुझं भलं करो, पोरी," ते म्हणाले. "पण मागे थांबायच्या त्या सगळ्यांतली तू नेमकी कोणती?"