किल्ल्यामागची गल्ली

प्रवासी जहाज सहा तासांसाठी एका प्राचीन शहराच्या धक्क्याला लागलं. जहाजावरच्या एका वेटरचं घर तिथेच, किल्ल्यामागच्या गल्लीत होतं. दोन वर्षांनी आईला भेटायचं म्हणून तो सकाळपासून नवा शर्ट घालून तयार होता. पण ऐन वेळी जोडीचा वेटर आजारी पडला आणि याची सुट्टी रद्द झाली. प्रवासी शहर बघायला उतरले. हा मात्र गोल खिडकीतून किल्ल्याचा बुरूज बघत टेबलं पुसत राहिला.

संध्याकाळी परतलेल्या एका आजींना त्याने चहा दिला.

"काय काय पाहिलंत, आजी?"

"कसलं काय! किल्ल्यामागे वाट चुकले. एका बाईने घरात बोलावून पोटभर जेवू घातलं."

"ओळख नसताना?"

"म्हणाली, मुलगा यायचा होता, कामात अडकला असेल. त्याच्या वाटणीचं तुम्ही जेवा."