तिसऱ्या रांगेतला शिपाई

अमेरिकेत, कॅरी गावात लेकीच्या शेजारी राहणाऱ्या रादकाबाई रोज दुपारी तोच जुना बल्गेरियन सिनेमा लावायच्या. सीमाकाकू सोबतीला बसायच्या. भाषेचं अक्षरही कळत नव्हतं, तरी बाण लागून राजा कोसळला की काकूंचे डोळे भरायचे. रादकाबाई मात्र हसायच्या. आज त्यांनी सिनेमा थांबवला आणि राजामागे, तिसऱ्या रांगेत पडलेल्या तरण्या शिपायावर बोट टेकवलं. "माय हजबंड." मग सिनेमा मागे नेऊन त्याला परत उभं केलं.

घरी येताच काकूंनी लेकीला विचारलं, "आश्लेषा, ह्यांचा एखादा व्हिडिओ असेल ना गं?"

"आई, कॅमेरा कायम बाबांच्याच हातात असायचा. ते कशातच नाहीयेत."

काकू टीव्हीसमोर जाऊन बसल्या. "मग मागून 'सीमा, इकडे बघ' म्हणत असतील ना? तेवढं लाव."